खापर आणि हाड : ताम्रपाषाणयुगीन खानदेशाचा शोध

उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग यांच्या मधून पश्चिमेकडे वाहणाऱ्या तापीच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, शेती करणाऱ्या व गुरे पाळणाऱ्या माणसांची गावे इ.स.पू. २००० च्या सुमारास वसली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे या ना त्या रूपात नांदती राहिली. तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरात असलेल्या या काळाला पुरातत्त्वज्ञ ताम्रपाषाणयुग म्हणतात. खानदेशातील या युगाचा जो इतिहास आज ग्रंथांत वाचायला मिळतो, तो मुख्यतः खापरांवरून लिहिला गेला आहे. भाजलेली माती कुजत नाही, प्रत्येक पिढीच्या कुंभाराची घडण आणि रंगवण्याची रीत थोडी वेगळी असते, आणि त्यामुळे एकावर एक साचलेल्या थरांचा कालक्रम लावायला खापरासारखे दुसरे साधन नाही. मात्र त्या गावातली माणसे किती उंच होती, त्यांतल्या किती स्त्रिया तरुणपणी गेल्या, मुले किती वाढली आणि कोठे खुंटली, दिवसभराच्या कामात शरीराला कोणती ठेवण जडली, हे खापर सांगू शकत नाही. त्याची उत्तरे हाडांत असतात, आणि त्यांतही कंबर, खुबा, मांडी आणि नडगी यांच्या हाडांत ती सर्वांत अधिक असतात.

या शोधाचा खानदेशातला पहिला मोठा टप्पा चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी पडला. बहाळ येथील उंच पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मधुसूदन नरहर देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती, तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती आणि त्याही वर ऐतिहासिक काळातील थर, असा गावाचा क्रम त्यांना तेथे मिळाला. गावाने आपले मृत कोठे ठेवले, या प्रश्नाचे उत्तर नदीच्या पलीकडच्या तीरावर टेकवाडे येथे मिळाले. तेथे त्याच युगातील दफने सापडली, काही जमिनीत खणलेल्या खड्ड्यात आणि काही मातीच्या भांड्यांत, आणि सोबत काळ्या-तांबड्या रंगाची भांडी ठेवलेली होती. महाराष्ट्रातील या काळाच्या बहुतेक गावांत मृतांना घरातच, जमिनीखाली किंवा अंगणात पुरण्याची चाल दिसते. टेकवाड्याला मात्र वस्ती एका तीरावर आणि दफने दुसऱ्या तीरावर आहेत, आणि म्हणून या लहानशा स्थळाचे महत्त्व त्याच्या आकारापेक्षा कितीतरी मोठे आहे.

दरम्यान १९५४-५५ मध्ये बाळकृष्ण थापर यांनी तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे उत्खनन केले. प्रकाशे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. तापीच्या खोऱ्यातील हे त्या काळचे सर्वांत महत्त्वाचे केंद्र असावे, असे मत पुढे मधुकर केशव ढवळीकर यांनी मांडले. प्रवरेच्या खोऱ्यात दायमाबादला आणि भीमेच्या खोऱ्यात इनामगावला जे स्थान, तेच तापीच्या खोऱ्यात प्रकाश्याला. त्यानंतर एस. ए. साळी यांनी तापी व तिच्या उपनद्यांचे काठ पायी धुंडाळून जी स्थळे नोंदवली, त्यांतून एक वेगळ्याच धाटणीची, तीर, भाले व प्राणी यांची चित्रे काढलेली खापरे पुढे आली, आणि तापीकाठच्या सावळदा या गावावरून त्या संस्कृतीला सावळदा संस्कृती हे नाव मिळाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला खानदेशातील एका गावाचे नाव आहे, ही गोष्ट खानदेशाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते.

खानदेशात काम केलेल्या देशपांडे आणि साळी या दोघांचा मार्ग पुढे प्रवरेकाठच्या दायमाबादला जाऊन मिळाला. देशपांडे यांनी तेथे १९५८-५९ मध्ये पहिले उत्खनन केले, आणि साळी यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सलग काही हंगाम खणून सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचा क्रम लावून दाखवला. तापीच्या खोऱ्यात ज्यांची खापरे प्रथम ओळखू आली, त्या माणसांची घरे आणि दफने अशा रीतीने दक्षिणेकडच्या खोऱ्यात अधिक भरघोस रूपात सापडली. यामुळेच खानदेशातील माणसांच्या हाडांचा विचार करताना दायमाबाद, नेवासे आणि इनामगाव यांना सोडून चालत नाही. एकाच संस्कृतीची गावे नद्यांच्या काठाने पसरत गेली होती आणि जिल्ह्यांच्या आजच्या सीमा त्यांना माहीत नव्हत्या.

खुद्द खानदेशातील सावळदा संस्कृतीचे सर्वांत नीट खणलेले स्थळ म्हणजे साक्री तालुक्यातील, पांझरेला मिळणाऱ्या कान नदीच्या काठचे कावठे. डेक्कन कॉलेजच्या वतीने ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी ते १९८० च्या दशकात खणले आणि १९९० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. वस्तीचा विस्तार मोठा, पण साचलेला थर अगदी पातळ, घरे जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेली. म्हणजे गाव येथे फार काळ टिकले नाही आणि राहणाऱ्यांचे जीवन निम्मे भटके असावे, असा निष्कर्ष उत्खनकांनी काढला. प्राण्यांच्या हाडांपासून केलेली टोकदार हत्यारे तेथे मिळाली आणि माणसांचे सांगाडेही मिळाले. हाडाची हत्यारे बहुधा पायांच्या लांब हाडांची करतात, कारण त्या हाडांची मधली नळी घट्ट, जाड आणि सरळ धाग्याची असते. ज्या गुणामुळे हे हाड हत्याराला उपयोगी पडते, त्याच गुणामुळे ते मातीत सर्वांत अधिक टिकते, आणि माणसाच्या सांगाड्यालाही हाच नियम लागू आहे.

माणसाच्या शरीराचा भार पाठीच्या कण्यातून त्रिकास्थीवर येतो. त्रिकास्थी हे कमरेच्या मागील बाजूचे, पाच मणके जुळून झालेले त्रिकोणी हाड असून त्याच्या टोकाला माकडहाड असते. त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंना एकेक नितंबास्थी जोडलेले असते, आणि या तिन्हींचे मिळून जे कडे तयार होते त्याला श्रोणी म्हणतात. प्रत्येक नितंबास्थी जन्माच्या वेळी तीन सुट्या हाडांचे असते: वरचे पंख्यासारखे पसरलेले श्रोणिफलक, बसताना ज्यावर भार येतो ते खालचे आसनास्थी, आणि समोरच्या बाजूचे जघनास्थी. ही तिन्ही जेथे भेटतात तेथेच खुब्याची वाटी असते, आणि लहानपणी त्या वाटीत तीन फाट्यांची कूर्चा, म्हणजे मऊ लवचीक ऊती, या हाडांना अलग ठेवते. पौगंडावस्थेत ही कूर्चा हाडाची होऊन तिन्ही भाग एकजीव होतात. मांडीच्या हाडाचे डोके त्याच्या दांड्याला सोळा ते एकोणीस वर्षांच्या दरम्यान जुळते. श्रोणिफलकाची वरची कड मात्र विशी ओलांडेपर्यंत वेगळी राहू शकते. म्हणून उत्खननात मिळालेल्या सांगाड्याचा खुबा नीट राहिला असेल, तर मृत व्यक्ती बारा वर्षांची होती, सतरा वर्षांची होती की पंचवीस वर्षांची, याचा अंदाज बांधता येतो. तिशीनंतर हा मार्ग बंद होतो. त्यानंतर दोन जघनास्थी समोर जेथे भेटतात त्या पृष्ठभागाची झीज पाहावी लागते, आणि ती पाहण्याची पद्धत अमेरिकेतील टॉड यांनी १९२० मध्ये मांडली.

स्त्री की पुरुष, हे ठरवण्यासाठी श्रोणीइतके खात्रीचे दुसरे हाड सांगाड्यात नाही. बाळाच्या जन्मासाठी स्त्रीच्या श्रोणीचा मार्ग रुंद असावा लागतो, त्यामुळे दोन जघनास्थींच्या खालचा कोन पुरुषात अरुंद आणि स्त्रीत पसरट असतो, आणि नितंबास्थीच्या मागील कडेवरची मोठी खाच, जिच्यातून पायाचा मुख्य मज्जातंतू बाहेर पडतो, ती पुरुषात खोल व अरुंद, तर स्त्रीत उथळ व रुंद असते. फिनिस यांनी १९६९ मध्ये केवळ जघनास्थीवरच्या तीन खुणांवरून लिंग ओळखण्याची पद्धत सांगितली आणि ती आजही जगभर वापरली जाते. दुर्दैव असे की हेच जघनास्थी सर्वांत आधी नष्ट होते. खानदेशातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. दर वर्षी होणाऱ्या या हालचालीने आतले हाड पिळवटून निघते. मांडीच्या हाडाची घट्ट नळी ते सहन करते, पण आत जाळीदार आणि बाहेर पातळ कवच असलेले श्रोणीचे हाड दबून चुरा होते, आणि समोरच्या बाजूला उघडे पडणारे जघनास्थी तर क्वचितच हाती लागते. म्हणून दख्खनमधील प्राचीन सांगाड्यांचे लिंग ठरवताना अभ्यासकांना बहुतेक वेळा मागची खाच, खुब्याच्या वाटीचा आकार आणि मांडीच्या हाडाच्या डोक्याचा व्यास यांवर विसंबावे लागते, आणि अशा निर्णयांत थोडी अनिश्चितता राहतेच.

हाडांच्या बाबतीत भारतीय विद्येची परंपरा जुनी आहे, हे येथे सांगणे योग्य ठरेल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री बुडवावे आणि मग कुंच्याने थर काढीत आतली रचना पाहावी, अशी रीत दिलेली आहे. हाडांचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत, आणि श्रोणीत पाच हाडे मोजली आहेत: त्रिकाचे एक आणि बाकी चार गुद, भग व नितंब यांच्या जागी. सुश्रुताने शरीरात एकूण ३०० हाडे धरली, चरकाने ३६०. आजची संख्या २०६ आहे. हॉर्नल या विद्वानाने १९०७ मध्ये या जुन्या गणनांची आधुनिक शरीरशास्त्राशी सविस्तर तुलना केली आणि दात, नखे व कूर्चा यांचा समावेश केल्याने संख्या कशी वाढते ते दाखवून दिले. हाताने चाचपून, डोळ्यांनी पाहून लिहिलेले हे ज्ञान होते, आणि त्याची परंपरा मधल्या शतकांत खंडित झाली ही मोठीच हानी होय.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात सांगाड्यांचा अभ्यास पुन्हा सुरू झाला, तेव्हा मात्र त्याचे लक्ष कवटीवर खिळलेले होते. डेक्कन कॉलेजमध्ये मानवशास्त्राचा पाया घालणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९३० च्या सुमारास बर्लिन येथे केलेला प्रबंधही मानवी कवटीच्या असमरूपतेवर होता. पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकळिया यांच्यासोबत त्यांनी १९४० च्या दशकात गुजरातमधील लांघणज येथे काम केले, आणि तेथील सांगाड्यांचा पहिला अहवाल त्यांनी मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक कुरुलकर यांच्यासह लिहिला. पुरातत्त्वज्ञ, मानवशास्त्रज्ञ आणि शरीररचनातज्ज्ञ असे तिघे एकाच खड्ड्याच्या काठी जमले, ही पश्चिम भारतातील एक नवी आणि फार चांगली सुरुवात होती. पण त्या काळी कवटीची लांबी-रुंदी मोजून माणसाचा वंश ठरवता येतो, अशी जगभर समजूत होती, आणि तिच्यापायी कवट्या काळजीने उचलल्या गेल्या, तर कमरेखालच्या हाडांना पुष्कळदा दुय्यम वागणूक मिळाली. वंशाचा प्रश्न पुढे विज्ञानाने निरर्थक ठरवला. जगण्याचा प्रश्न तसाच उरला, आणि त्याची उत्तरे कमरेखालच्या हाडांत होती.

ही दिशा बदलली ती इनामगावच्या उत्खननाने. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-तेरा हंगाम सलग काम केले आणि सुमारे अडीचशे दफने शोधून काढली. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या सांगाड्यांचे हाडागणिक वर्णन १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. कावठे, दायमाबाद आणि इतर स्थळांच्या मानवी अवशेषांवरही वाळिंबे यांनी पुढे अनेक वर्षे काम केले. जोर्वे काळात प्रौढ माणसाला उत्तरेकडे डोके करून, उताणे आणि पाय लांब करून पुरत, आणि घोट्याखालची पावले तोडून टाकत. मृताने गाव सोडून निघून जाऊ नये किंवा भूत होऊन हिंडू नये अशी यामागची समजूत असावी, असा अर्थ ढवळीकर यांनी लावला. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या, कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेल्या सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाची पावले मात्र शाबूत होती, आणि त्यावरून तो गावचा प्रमुख असावा असे त्यांनी मानले. पायाच्या हाडांची उपस्थिती किंवा अनुपस्थिती हाच येथे सामाजिक दर्जाचा पुरावा ठरला.

पाय तोडण्याच्या या चालीने अभ्यासकांचे एक नुकसानही केले. उकिडवे बसणाऱ्या माणसाचा घोटा पूर्ण वाकतो, आणि त्या वेळी नडगीच्या खालच्या टोकाची पुढची कड घोट्याच्या हाडाच्या मानेवर टेकते. ही सवय आयुष्यभर राहिली, तर दोन्ही हाडांवर टेकण्याच्या जागी लहान, गुळगुळीत पृष्ठे तयार होतात. लाहोर येथे शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९० च्या दशकात पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांवर या खुणांचे वर्णन केले. ही पृष्ठे त्यांना अर्भकांतही दिसली आणि म्हणून सवयीने आलेला गुण पुढच्या पिढीत उतरतो, असे त्यांचे मत झाले. नंतर युरोपीय भ्रूणांतही तशीच पृष्ठे आढळली. गर्भात घोटा वाकलेलाच असतो, आणि खुर्चीवर बसणाऱ्या समाजात ती पृष्ठे वाढत्या वयात लोपतात, उकिडवे बसणाऱ्या समाजात टिकतात, असा उलगडा झाला. चुलीपाशी आणि शेतात निंदणीला उकिडवे बसण्याची रीत खानदेशात आजही आहे. जेथे पावले तोडलेली असतील, तेथे या खुणांच्या जोडीतील घोट्याकडची अर्धी बाजू कायमची गेलेली असते आणि केवळ नडगीच्या कडेवरून निष्कर्ष काढावा लागतो. याच दृष्टीने सावळदा काळातील किंवा टेकवाड्यासारख्या वस्तीबाहेरील दफनांतला पावलासकट असलेला प्रत्येक पाय मोलाचा आहे.

उंची काढण्यासाठी मांडीचे हाड वापरतात, कारण ते शरीरातील सर्वांत लांब हाड असून त्याची लांबी एकूण उंचीच्या साधारण चौथा भाग असते. ट्रॉटर आणि ग्लेझर यांनी १९५२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या सांगाड्यांवरून यासाठी सूत्रे बसवली. पण धड आणि पाय यांचे प्रमाण सर्व समाजांत सारखे नसते, म्हणून ती सूत्रे जशीच्या तशी दख्खनच्या शेतकऱ्याला लावली तर त्याची उंची खऱ्यापेक्षा वेगळी निघण्याचा धोका असतो. हाडाची लांबी मिलिमीटरमध्ये नोंदवणे हेच अधिक प्रामाणिक काम होय. सूत्र उद्या बदलेल, मोजमाप बदलणार नाही.

ताम्रपाषाणयुगाच्या अखेरीस ही गावे का ओस पडली, हा प्रश्न सोडवण्यात सर्वांत मोठे योगदान लहान मुलांच्या हाडांनी दिले आहे. या संस्कृतीत अर्भके आणि लहान मुले दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरली जात. रांजणाने काळ्या मातीचा दाब आपल्यावर घेतला, आणि प्रौढांची श्रोणी जेथे चुरा झाली तेथे बाळाचे बोटभर श्रोणिफलक आणि काडीसारखे मांडीचे हाड तीन हजार वर्षे जसेच्या तसे राहिले. मुलाचे वय दातांवरून कळते, आणि त्या वयाला मांडीचे हाड किती लांब आणि त्याची भिंत किती जाड असायला हवी, हे निरोगी मुलांच्या नोंदींवरून ठाऊक असते. दोन्हींची तुलना केली की वाढ खुंटली होती की नाही ते दिसते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या सांगाड्यांवर याच मार्गाने काम करून २०११ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, इनामगावच्या मुलांच्या शरीरावर उपासमारीचा व आजारांचा ताण वाढला होता, असे दाखवले.

ही तारीख खानदेशासाठी महत्त्वाची आहे. इ.स.पू. १००० च्या सुमारास उत्तर महाराष्ट्रातील, म्हणजे तापी आणि गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यांतील, बहुतेक जोर्वे गावे ओस पडली आणि भीमेच्या खोऱ्यात मात्र ती आणखी तीनशे वर्षे तग धरून राहिली. पाऊस कमी झाला, जमिनीचा कस गेला, की दोन्ही घडले, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. केवळ खापरे आणि धान्याचे दाणे यांवरून या वादाचा निकाल लागण्यासारखा नाही. गाव सोडण्याच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांतील मुलांची मांडीची हाडे खुरटली होती की नाही, हा त्या वादातला महत्त्वाचा पुरावा आहे, आणि तापीच्या खोऱ्यात तो रांजणांतील दफनांतूनच मिळेल. म्हणून पांढरीची माती खत म्हणून शेतात नेताना फुटलेला रांजण आणि त्यातली बारीक हाडे ही सहज टाकून देण्याची वस्तू नाही.

अलीकडे जनुकांच्या अभ्यासाकडे सर्वांचे लक्ष लागले आहे. कावठ्याच्या उत्खननात सहभागी असलेल्या वसंत शिंदे यांच्याच नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी येथे पुढे उत्खनन झाले, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील एकसष्ट नमुन्यांपैकी फक्त एका स्त्रीच्या अवशेषांतून जनुकीय माहिती मिळाली. उष्ण हवामानात प्राचीन जनुके किती लवकर नष्ट होतात याचे ते बोलके उदाहरण आहे. ही माहिती ज्या हाडातून काढतात ते बहुधा आतल्या कानाभोवतीचे, कवटीच्या तळाचे घट्ट हाड असते. त्यावरून माणसाचे पूर्वज कोण हे समजते. पण ती व्यक्ती किती वर्षे जगली, तिची वाढ पूर्ण झाली की अर्ध्यावर थांबली आणि ती कशी बसत-उठत होती, हे ठरवण्यासाठी तापी-गिरणेच्या खोऱ्यातील पुढच्या उत्खनकालाही खुब्याची वाटी, मांडीचे हाड आणि नडगीची कड हीच ब्रशने मोकळी करावी लागतील.